पृथ्वी सरळ करणारी समिती

एका जंगलात, मुलांनो, एकाच वेळी तीन तऱ्हेची हवा असे. वर डोंगर होता, तिथे थंडी. मधे पठार होते, तिथे ऊन. खाली समुद्राला लागून खाजण होते, तिथे बाराही महिने घाम. असे का, हे कोणी विचारत नसे. डोंगरावरचे ससे अंगावर दाट लव वाढवत. खाजणातले खेकडे चिखलात बसून राहत. पठारावरच्या तळ्यातली कासवे तळे आटू लागले की रांगेने उतरून खालच्या नदीला जात आणि पाऊस झाला की परत येत. सगळ्यांचे बरे चालले होते. पण प्रजेचे बरे चालले की राज्यकर्त्यांचा वेळ जात नाही, हे तुम्हाला मोठेपणी कळेलच.

या जंगलाचा राजा सिंह होता. गोष्टीत सिंहच राजा असतो. तो का असतो, असे विचारणारी मुले पुढे चांगल्या हुद्द्यावर जात नाहीत, तेव्हा गप्प बसून ऐका.

त्याचे नाव पंचानन महाराज. मुक्काम पठाराच्या कडेला, झऱ्याकाठच्या जांभळीच्या राईत. तिथे उन्हाळ्यात गारवा आणि हिवाळ्यात ऊब. त्यामुळे ऋतू नावाची काही भानगड असते, हे महाराजांच्या कानावरच आले नव्हते. त्या वर्षी माघ सरता सरता त्यांना प्रजेला दर्शन देण्याची लहर आली. सकाळी ते डोंगरावर गेले, तिथे त्यांना सर्दी झाली. दुपारी पठारावर आले, तिथे डोके चढले. संध्याकाळी खाजणात भाषण करताना आयाळ घामाने इतकी चिकटली की मागच्यांना वाटले, कोणी भिजलेले मांजर बोलते आहे. एक खेकडा हसला. खेकड्यांना हसता येते की नाही याबद्दल जाणकारांत दुमत आहे, पण महाराजांना तो हसलासा वाटला आणि तेवढे पुरेसे होते.

राईत परतल्यावर महाराजांनी दिवाणाला बोलावले. दिवाण म्हणजे भुरकोजी कोल्हा. महाराज शिंकत म्हणाले की, एका राज्यात तीन हवा असतील तर प्रजेत एकी कशी राहणार. भुरकोजीने मान डोलावली. मान डोलावण्यावरच तो दिवाण झाला होता.

दुसऱ्या दिवशी सुतार पक्ष्यांनी झाडाझाडावर ठोकून फर्मान सांगितले. आजपासून राज्यात एकच ऋतू. त्याचे नाव राजऋतू. महाराजांच्या राईत जी हवा असेल, तीच डोंगरावर, तीच पठारावर आणि तीच खाजणात. कुडकुडणे, धापा टाकणे आणि घाम पुसणे यांना बंदी. आणि हवा सगळीकडे सारखीच असल्यामुळे हवेपायी कोणी आपली जागा सोडून जाऊ नये. जो जाईल, त्याचा राजऋतूवर विश्वास नाही असे समजण्यात येईल.

फर्मान ऐकून ससे कुडकुडायचे थांबले. म्हणजे कोणी बघत असताना थांबले.

आता त्या तळ्याकाठी हिवाळ्यापुरता उतरलेला करकोच्यांचा एक थवा होता. त्यात सावरी नावाची एक पक्षीण होती. डोळ्यांमागे सावरीच्या कापसासारखी पांढरी पिसे, म्हणून ते नाव. हे करकोचे उत्तरेचे. तिकडे बर्फ पडू लागला की इकडे येत आणि इकडे ऊन तापू लागले की तिकडे जाऊन अंडी घालत. उत्तरेतला उन्हाळा फार आखूड. त्याच्या सुरुवातीला पोहोचले तरच बर्फ पडायच्या आत पिल्लांच्या पंखांत बळ येते. उशीर झाला की पिल्ले उडायच्या आधीच गारठून जातात. सावरीची मागच्या वर्षीची दोन्ही पिल्ले अशीच गेली होती. थवा वादळात अडकला होता, तेवढ्यानेच. त्याबद्दल ती कोणाशी बोलत नसे, पण या वर्षी तिने निघण्याची तयारी सगळ्यांच्या आधी केली होती.

आणि आता निघायला बंदी.

"मी दरबारात जाऊन समजावून सांगते," ती नवऱ्याला म्हणाली. त्याचे नाव उदाजी.

"अगं, समजावून सांगायला त्यांना समजलेलं नाही असं थोडंच आहे?" उदाजी म्हणाला. तो कमी बोलायचा, आणि बोलला की असे काहीतरी बोलायचा. सावरीने त्याचे ऐकले नाही. हुशार पक्ष्यांना वाटते की चूक दाखवली की समोरचा ती सुधारतो. हा हुशारीतला जुना दोष आहे.

दरबारात पंडित धनेश होते. त्यांच्या चोचीवर आणखी एक चोचीसारखा टोप होता. त्यामुळे ते एकदा बोलले तरी दोनदा बोलल्यासारखे वाटे. महाराजांनी त्यांना ऋतूंचे कारण विचारले. पंडितजी म्हणाले, सोपे आहे. सूर्य महाराजांच्या दर्शनाला जवळ येतो, तेव्हा उन्हाळा. मग तेज सहन न होऊन लांब पळतो, तेव्हा हिवाळा. दरबाराने वाहवा केली.

सावरी म्हणाली, "पंडितजी, सूर्य जवळ आला असता तर सगळ्या पृथ्वीला एकदमच उकडलं असतं. आपल्याकडे हिवाळा असतो तेव्हा समुद्रापलीकडे, पार दक्षिणेला, उन्हाळा असतो. आम्हाला वाटेत ससाणे भेटतात, ते तिकडेच जातात."

मग तिने अस्वलाच्या हातात एक कवठ दिले. देठ किंचित कललेला धरायला सांगितला. कवठ म्हणजे पृथ्वी, देठ म्हणजे तिचे उत्तरेचे टोक, आणि दरबाराच्या मधोमध असलेले वारूळ म्हणजे सूर्य. अस्वलाने वारुळाभोवती फिरायचे, पण देठाचा कल कायम डोंगराकडेच ठेवायचा. अस्वल फिरू लागले. सावरी सांगत गेली. इथे बघा, देठाची बाजू वारुळाकडे झुकली. म्हणजे उत्तरेला उन्हाळा, दिवस मोठे, ऊन डोक्यावर. आता पलीकडे गेल्यावर बघा, तीच बाजू वारुळापासून लांब झुकली. उत्तरेला हिवाळा, आणि खालच्या बाजूला उन्हाळा. पोटाजवळच्या पट्ट्यात ऊन नेहमीच वरून येते, म्हणून तिथे थंडी जेमतेम. देठाजवळ मात्र उन्हाळ्यात दिवस मावळायलाच मागत नाही आणि हिवाळ्यात उगवायला. त्यातून डोंगर उंच म्हणून गार, आणि समुद्राचे पाणी हळू तापते, हळू निवते, म्हणून खाजणात फारसा फरक पडत नाही. यात डोंगराचा, पठाराचा किंवा खेकड्यांचा काही दोष नाही.

इतके सोपे कोणी कधी सांगितले नव्हते. सगळे अस्वलाकडे बघत होते. त्याने फेरी पूर्ण केली, कवठ फोडले आणि खाऊन टाकले. पृथ्वी अशी भर दरबारात संपली.

महाराजांनी त्या सगळ्यातून एकच गोष्ट उचलली होती.

"म्हणजे आमचं राज्य तिरकं आहे?"

"महाराज, सगळ्यांचंच आहे."

"सगळ्यांचं राहू दे. आमचं आहे का?"

"आहे," सावरी म्हणाली.

दरबार थंड पडला. राजऋतूत कोणाला थंडी वाजायला परवानगी नव्हती, तरी वाजली.

आता या दरबाराची एक जुनी चाल होती, ती तुम्हाला सांगायला हवी. जो हरकत घेईल, त्यालाच ती हरकत दूर करणाऱ्या समितीचा अध्यक्ष करायचे. पूर्वी एका साळिंदराने झऱ्याचे पाणी गढूळ आहे असे म्हटले होते. ते अजून झऱ्याकाठी बसून गाळ काढत होते, आणि गाळ संपेपर्यंत त्याला घरी जायची मुभा नव्हती. त्यामुळे या राज्यात हरकती फार कमी येत, आणि राज्य उत्तम चालले आहे याचा तो पुरावा मानला जाई.

भुरकोजीने लगेच घोषणा केली. पृथ्वी सरळ करण्यासाठी समिती, अध्यक्ष सावरीबाई. सदस्य हत्ती आणि वानरांचा नाईक. अस्वलाला तज्ज्ञ म्हणून घेतले, कारण पृथ्वी आतून कशी आहे ते त्यालाच माहीत होते. काम पूर्ण होईपर्यंत अध्यक्ष आणि त्यांचा थवा तळे सोडणार नाही.

उदाजी तिच्याकडे पाठ करून चोचीने पिसे साफ करत बसला. बोलला असता तर तिला बरे वाटले असते.

समितीने काम जोरात सुरू केले. वानरांनी डोंगराला वेली बांधल्या आणि ओढल्या. वेली तुटल्या, वानर दरीत पडले, आणि पृथ्वी खालच्या बाजूने मऊ असल्याची नोंद झाली. हत्तीने डोके लावून डोंगर ढकलला. डोंगर तसाच राहिला. हत्तीच्या डोक्याला टेंगूळ आले, ते प्रगती म्हणून महाराजांना दाखवण्यात आले. एक बैठक तर पृथ्वीची वरची बाजू कोणती हे ठरवण्यातच गेली. वरची बाजू ती, जिथे महाराज बसतात, असे शेवटी एकमताने ठरले. अस्वल प्रत्येक बैठकीला नवे कवठ मागत असे.

इकडे फाल्गुन उजाडला. ऊन तापू लागले. तळे काठापासून मागे सरकले आणि मधे भेगा पडलेला चिखल दिसू लागला. त्याला चिखल म्हणायचे नव्हते. त्याला राजऋतूतील किनारा म्हणायचे होते.

एका सकाळी त्या किनाऱ्यावरून मथुरामावशी सरपटत आली. ही तळ्यातल्या कासवांमधली सगळ्यात वयस्क कासवीण. सावरी लहान असताना पहिल्यांदा इथे उतरली, तेव्हा दलदल कुठे खोल आहे ते तिला मावशीनेच दाखवले होते.

"सावरे, तू समितीवर आहेस म्हणे," मावशी म्हणाली. "आमचं एवढं बघ बाई. नदीला उतरायची वाट वानरांनी अडवलीय. आम्हाला राज्य सोडून कुठे जायचं नाही. पाणी संपलं की उतरायचं, एवढंच."

सावरीने सांगते म्हणून शब्द दिला. मावशीने तो लगेच खरा मानला. कासवांना घाई नसते, त्यामुळे संशयही उशिरा येतो.

त्याच दिवशी वारा फिरला. दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहू लागला. थव्यातल्या तरुण पक्ष्यांना राहवेना, ते पंख उघडून उभे राहत आणि पहाऱ्यावरचे वानर ओरडले की मिटत. सावरीच्या पोटात अंड्यांचे जडपण आताच जाणवते आहे असे तिला वाटे. ते नुसते भीतीचे जडपण होते. तिला महाराजांचा राग आला, अस्वलाचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला. कोणी विचारले होते का तिला, पृथ्वी कशी आहे म्हणून?

थकून तिने मान वळवून आपल्याच पाठीवर टेकवली. समोर डोंगर होता. मान तिरकी असल्यामुळे डोंगराचा उतार तिला सपाट दिसला. ती बघतच राहिली. मग मान सरळ केली, उतार परत उतार झाला. पुन्हा कलवली. सपाट.

सावरी आयुष्यात कधी खोटे बोलली नव्हती. पहिल्याच खेपेला तिला इतके चांगले जमेल, असे तिला स्वतःलाही वाटले नव्हते. ती दरबारात उभी राहिली आणि म्हणाली, "महाराज, काम झालं. पृथ्वी सरळ झाली. फक्त ती मान किंचित डावीकडे कलवून पाहावी लागते."

महाराजांनी मान कलवली. समोरचा उतार सपाट झाला. महाराज खूश झाले. भुरकोजीने त्यांच्यापेक्षा जास्त कलवली, कारण त्याला सगळे कळले होते. पंडित धनेशांनी तिथल्या तिथे सिद्धांत मांडला की पृथ्वी मुळात सरळच होती, प्रजेच्या माना वाकड्या होत्या, त्या आता सरळ झाल्या. सुतार पक्षी ठोकू लागले. आजपासून सर्वांनी मान डावीकडे ठेवावी.

सावरी तेवढ्यावर थांबली नाही. ती म्हणाली की उत्तरेचे टोक हलके आहे, केव्हाही परत उचलले जाईल. कोणीतरी तिथे जाऊन, पाऊसकाळ सरेपर्यंत त्यावर बसून राहायला हवे. काम कष्टाचे आहे, पण राज्यासाठी आपला थवा ते करील.

महाराजांनी परवानगी दिली, वर शाबासकी दिली. साळिंदर झऱ्याकाठून डोके वर काढून बघत होते.

मथुरामावशीचे नाव सावरीच्या अगदी जिभेवर आले होते. एकच वाक्य बोलायचे होते. समतोलासाठी कासवांनी नदीवर बसणे आवश्यक आहे, असे म्हटले असते तरी चालले असते. महाराज इतके खूश होते की त्यांनी त्या हसलेल्या खेकड्यालाही माफ केले असते. पण आणखी एक शब्द बोलावा आणि महाराजांनी सगळ्याचाच फेरविचार केला तर? मागे उदाजीने पंख उघडले होते. बाहेर वारा होता. सावरीने ते वाक्य गिळले. परत आल्यावर सांगू, असे तिने मनाशी ठरवले. आपण सगळेच अशा वेळी असेच ठरवतो.

थवा निघाला तेव्हा मोराने त्यागावर भाषण केले. तळ्यावरून जाताना सावरीला खाली चिखलात कासवे दिसली. सगळ्यांनी माना डावीकडे कलवल्या होत्या आणि मावशी वर बघत होती. करकोचे नदीकडच्या वानरांना हुकूम सांगायला निघालेत, असे तिला वाटले असावे, कारण ती इतर कासवांना घेऊन वाटेकडे सरकू लागली होती. सावरीने नंतर खाली पाहिले नाही.

उत्तरेला थवा वेळेवर पोहोचला. गवत कोवळे होते आणि दिवस सरता सरत नव्हता. दोन अंडी, दोन पिल्ले. दोघी मुली. सावरी त्यांना दिवसभर भरवी, आणि झोपताना पृथ्वी कशी कललेली आहे, त्यामुळे दिवस कसे लांबतात आणि कसे आखडतात, ते सांगे. तिथे कोणी ऐकणारे नव्हते, त्यामुळे खरे बोलायला काही अडचण नव्हती. मग एका पहाटे गवतावर पांढरा थर दिसला. पृथ्वीच्या त्या टोकावर करकोचे जातीने बसून होते तरी ऋतू पलटला होता. पिल्लांच्या पंखांत बळ आले होते. सगळे दक्षिणेला उडाले.

वाटेत सावरीला वाटत होते की एवढ्या दिवसांत जंगल सगळे विसरून गेले असेल. पण मूर्खपणा विसरायला जंगलांना फार वेळ लागतो. खिंडीत वानरांचा पहारा होता. आत येणाऱ्या प्रत्येकाची मान तपासली जात होती. सावरीला पाहताच त्यांनी जयजयकार केला. तिला पृथ्वीभूषण ही पदवी मिळाली होती आणि वानरांची पोरे तिच्या नावाचे गाणे म्हणत होती.

ती सगळ्यांत आधी तळ्यावर गेली. पाऊस चांगला झाला होता, तळे काठोकाठ भरले होते. नदीकडे उतरणाऱ्या वाटेच्या तोंडाशी मात्र कासवांच्या पाठी पडल्या होत्या, रांगेत, एकीमागे एक. आत कोणी नव्हते. सगळ्यात पुढची पाठ मोठी होती आणि कडेला झिजलेली.

सावरीने वानरांच्या नाईकाला विचारले, कासवे कुठे आहेत.

"मजेत आहेत," नाईक म्हणाला. "राजऋतू झाल्यापासून त्यांच्याकडून एकही तक्रार नाही."

तो खरेच बोलत होता, मुलांनो. तक्रार नव्हतीच.

धाकटी मुलगी त्या पाठींभोवती फिरून आली. थोरली सावरीजवळ उभी होती, मान ताठ. तिने विचारले, "आई, तू तर सांगितलं होतंस, पृथ्वी कललेली आहे म्हणून. मग इथे सगळे ती सरळ झाली असं का म्हणतात?"

नाईकाचे कान इकडे वळले. उदाजी दुसरीकडे बघू लागला.

सावरीला खूप सांगायचे होते. पृथ्वीबद्दल सांगायचे होते आणि त्या पुढच्या मोठ्या पाठीबद्दल तर सगळेच सांगायचे होते. तिने मुलीकडे पाहिले. तिच्या डोळ्यांमागे पांढरी पिसे आताशा कुठे फुटू लागली होती.

"आधी मान वाकडी कर," सावरी म्हणाली. "आणखी थोडी. डावीकडे. हं, अशीच ठेव."

मग तिने स्वतःचीही मान कलवली. मान तशी धरली की तळ्याचा तो काठ दिसत नाही, हे तिच्या लक्षात आले, आणि तिने ती तशीच धरून ठेवली.

तात्पर्य : पृथ्वी कललेली आहे म्हणून ऋतू होतात. हे परीक्षेत जरूर लिहा, गुण मिळतील. दरबारात बोलू नका. आणि खोटे बोलण्याची पाळी आलीच तर भीडभाड न ठेवता भरपूर बोला. ज्या खोट्यात करकोच्यांचा अख्खा थवा बसला, त्यात चार कासवे सहज मावली असती.